प्रतिसाद: श्योपूरची छोटी लाईन

वर कोणीतरी म्हटलंय की ग्वाल्हेर-श्योपूर छोट्या लाईनचे (नॅरोगेजचे) रूळ आहेतच, फक्त साफ करून ट्रेन सोडा. अहो, एकदा ग्वाल्हेरातल्या घोसीपुरा स्टेशनाकडे चक्कर मारून या ना. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडी थांबली ती थांबलीच, तेव्हापासून बाभळी काय, कचरा काय, कुठेकुठे तर रूळच दिसत नाही आणि स्लीपरचं (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांचं) तर विचारूच नका. आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, लहानपणी आजोबांबरोबर याच गाडीनं सबलगढपर्यंत गेलोय, निम्मी पब्लिक टपावर बसलेली असायची (आजी मात्र डब्यातच बसायला लावायची). श्योपूर सुमारे २०० किमी, त्याला दहा-अकरा तास. दोनच फुटी गेज (दोन रुळांतलं अंतर), म्हणजे ६१० मिमी, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांच्या काळातली! भिंड आणि शिवपुरीच्या छोट्या लाईनी तर आधीच गेल्या.

आता तिकडे ब्रॉडगेज (मोठी लाईन) होतंय ते बरंच आहे, वाटेतल्या जौरा-कैलारसच्या लोकांना हेरिटेजचं काय करायचंय, त्यांना वेळेवर पोचायचं असतं. पण शहरातला छोटा तुकडा तरी टुरिस्टसाठी ठेवायला काय हरकत आहे? फक्त आधी गिट्टी (खडी), स्लीपर, पुलिया (छोटे पूल) सगळं नव्यानं करावं लागेल, नुसता झाडू मारून नाही भागणार.