सुरीला घरीच दगडावर धार : तुमचे अनुभव लिहा

हाक देत फिरणारे धारवाले आमच्या पेठेत आता क्वचितच येतात. त्यांच्या हातात कसब असतं, पण फिरत्या कोरड्या चाकावर पातळ सुरी पटकन तापते. धारेवर निळसर झाक आली की तिथलं पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समजा. ती जागा मग धार धरत नाही. म्हणून मी दगडावर हाताने धार लावायला शिकले आणि आता त्याची गोडीच लागली आहे. तुम्ही काय करता? दगड कोणता, कोन कसा सांभाळता, विळीचं काय, सगळं लिहा. सुरुवात मी करते.

माझा दगड जपानी पद्धतीचा, पाण्यावर चालणारा. एक बाजू १००० नंबरची, दुसरी ६०००. आकडा वाढतो तसे कण बारीक. रोजच्या सुरीचं जवळजवळ सगळं काम १००० वरच होतं, ६००० वर शेवटचा हात. दगड पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचा, दहा-पंधरा मिनिटं लागतात. (काही दगडांना भिजवणं चालत नाही, नुसतं पाणी शिंपडायचं. घेताना विचारून घ्या.) खाली ओलं फडकं घातलं की तो सरकत नाही. घासताना वर करडा चिखल जमतो तो धुऊन टाकू नका, तोही कापायचं काम करतो.

खरी मेख कोनाची. अंश डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून मी उंची मोजते. पातं ४० मिमी रुंद असेल तर १५ अंशांसाठी सुरीची पाठ दगडापासून साधारण १० मिमी वर हवी, २० अंशांसाठी १४ मिमीच्या जवळपास. तेवढ्या उंचीची नाणी रचून पाठ त्यांवर टेकवायची, हाताला अंदाज आला की नाणी काढून घ्यायची. १५ की २० हा वाद मला गौण वाटतो. जो कोन धरला तो मुठीपासून टोकापर्यंत तसाच राहिला पाहिजे.

पिंपरी, निवृत्त फिटर

ताई, कोनाचं अगदी बरोबर लिहिलंत. त्याला एक जोड देतो. धारेच्या उतारावर मार्करची शाई फासा, दगडावर दोन हात फिरवा आणि बघा. धारेपासून लांबची शाई गेली तर पाठ फार खाली आहे, नुसती धारेवरची गेली तर फार वर. सगळी गेली म्हणजे कोन जुळला.

आता बाजू केव्हा बदलायची ते. पुष्कळ जण हात मोजतात. मोजू नका, बोटाला विचारा. एका बाजूने घासत गेलं की धातूची बारीक कोर दुसऱ्या बाजूला वळते, वर्कशॉपात आम्ही तिला बर म्हणतो. अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर, आडवा आणि अलगद ओढला की ती अडकते. धारेच्या लांबीत बोट कधीच फिरवायचं नाही. बर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली तरच सुरी उलटायची. त्याआधी उलटली तर दोन्ही उतार एकमेकांना मिळतच नाहीत. तासभर घासलं तरी सुरी बोथट ती बोथटच. घरी धार लागत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांचं इथेच अडलेलं मी पाहिलं आहे. दुसऱ्या बाजूलाही बर आली की दाब कमी करत करत आळीपाळीने दोन्ही बाजू घ्या. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढा. उरलीसुरली बर निघून जाते.

धागाकर्ती

काका, आडव्या अंगठ्याचं फार नीट सांगितलंत. चामडी पट्टा नसेल त्यांनी सपाट पाटावर वर्तमानपत्राची घडी घालावी. मी तेच करते.

मालवण

आमच्याकडे सुरीपेक्षा विळी जास्त चालते. पातं पाटाला पक्कं, तेव्हा दगडच हातात घेऊन पात्यावर फिरवावा लागतो. मुठीत मावेल असा घ्या, बोटं त्याच्या मागच्या अंगाला राहू द्या आणि समोर न बसता बाजूला बसा. पातं वाकडं असतं, म्हणून एका दमात सगळं न घासता थोडा थोडा भाग घ्यायचा. फणसाचा चीक लागला असेल तर आधी तेलाने पुसा, मग साबणाने धुवा, नाहीतर दगड चिकाने भरून जातो. खवणीच्या दातांना दगड उपयोगाचा नाही. त्यांना बारीक तिकोनी कानस, खाचेखाचेतून. आमची विळी जुन्या साध्या पोलादाची आहे. कैरी किंवा लिंबू चिरलं की लगेच धुऊन, कोरडी करून खोबरेल तेलाचा हात फिरवतो. गंज धारेलाच आधी खातो.

नागपूर

महाग दगडाशिवाय अडत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला कार्बोरंडमचा दुहेरी दगड, एक बाजू खरबरीत आणि एक बारीक, घरातल्या साध्या स्टीलच्या सुऱ्यांना पुरतो. हे स्टील मऊ असतं, १५ अंशांवर कड लवकर मुडपते. मी २० च ठेवतो. दगडावर खाद्यतेल घालू नका, ते चिकट होऊन भोकं बुजवतं. शिलाई मशीनचं तेल चालतं किंवा नुसतं पाणी. मात्र एकदा तेल घातलं की त्या दगडावर मग तेलच.

कोल्हापूर

सिरॅमिकच्या सुरीला हाच दगड चालेल का?

पिंपरी, निवृत्त फिटर

नाही. तिला हिऱ्याच्या कणांची पाटी लागते. ब्रेडच्या दातेरी सुरीलाही सपाट दगड नको, दात झिजून जातील.

ओसाका

इथून जवळच साकाई आहे, सुऱ्यांसाठी नावाजलेलं शहर. तिथे पातं घडवणारा लोहार वेगळा, धार लावणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा. धार लावणं हा स्वतंत्र हुन्नर मानतात याचं मला फार अप्रूप वाटतं. माशाच्या यानागिबा आणि देबा या सुऱ्यांना एकाच बाजूने उतार असतो, मागची बाजू किंचित खोलगट. उतार अख्खा दगडावर टेकवून घासायचा आणि मागची बाजू सपाट ठेवून फक्त बर काढायची. मागून कोन दिला तर सुरीचा घाटच बिघडतो. एक सूचना : कठीण पोलादाच्या जपानी सुरीने नारळ, हाडं किंवा गोठलेलं मटण कापू नका. धारेचे टवके उडतात.

पुणे, हॉस्टेल

दगडच नसेल तर चिनी मातीचा कप पालथा घाला. बुडाच्या कड्यावर चकाकी नसते, तिथे सुरी घासा. अगदी बोथट झालेली सुधारत नाही, पण कांद्यापुरतं काम होतं. बोथट सुरी कांदा चिरडते आणि डोळ्यांना जास्त झोंबतं, हा फरक रोज कळतो.

डोंबिवली

दगडाच्या निगेबद्दलही लिहायला हवं. वापरून वापरून तो मध्ये खोलगट होतो आणि खोलगट दगडावर कोन राहणं अशक्य. पेन्सिलीने वर जाळी काढा, जाड सपाट काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर पसरा आणि पाणी घालून दगड त्यावर फिरवा. सगळ्या रेघा पुसल्या की सपाट झाला. वाळवायचा सावलीत, उन्हात ठेवला तर तडा जाऊ शकतो. आणि एवढी मेहनत करून ग्रॅनाइटच्या ओट्यावर भाजी चिरू नका, लाकडी पाट वापरा.

धागाकर्ती

कात्रीबद्दलही विचारणा झाली आहे. तिची आतली सपाट बाजू घासू नका, बाहेरचा उतार तेवढा घ्या. अडकित्त्यावर मात्र अजून कुणी लिहिलेलं नाही. घरी सुपारी कातरणारं कुणी असेल तर त्यांना विचारून जरूर लिहा.