प्रतिसाद: बबलवर नुसतं फोल्ड करत बसणं

पोकर स्पर्धेत बबलवर, म्हणजे आणखी एक जण बाद झाला की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस अशा वेळी, चिप्स कमी असतील तर पैशात येईपर्यंत फोल्डच करत (पत्ते टाकून देत) राहावं, हा सल्ला अर्धाच पटला. फोल्ड करायचं ते दुसऱ्याच्या ऑल-इनला, म्हणजे त्याने सगळ्या चिप्स लावल्यावर. आपण स्वतः ढकलायचं (आधी ऑल-इन जायचं) असेल तर गणित वेगळं.

नऊ जणांचं सिट-अँड-गो (टेबल भरलं की सुरू होणारी छोटी स्पर्धा) घ्या. बक्षिसं ५०-३०-२० टक्के, उरलेत चार, चौघांच्या चिप्स सारख्याच. म्हणजे बक्षिसाच्या रकमेत प्रत्येकाचा सरासरी वाटा २५ टक्के. तुम्ही दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करून (तेवढ्याच चिप्स लावून) जिंकलात, चिप्स डबल झाल्या, तर वाटा ५० नाही होत, साधारण ३८.३ होतो. २५ पणाला लावून हाती फक्त १३! ब्लाइंड्स (दर डावात दोघांनी पाळीपाळीने आधीच लावायच्या सक्तीच्या चिप्स) क्षणभर विसरलो तर कॉलला ६५ टक्के जिंकण्याची शक्यता हवी. समोरचा डोळे झाकून वाट्टेल ते दोन पत्ते ढकलत असला, तरी ऑफसूट (वेगवेगळ्या रंगांची) एक्का-राणीही तिथवर थोडक्यासाठी पोचत नाही.

हीच भीती समोरच्यालाही असते, म्हणून आधी ढकलणारा फायद्यात. पण त्यासाठी निदान सहा-सात बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंड्सपैकी मोठा) भरतील एवढ्या चिप्स हाताशी हव्यात. दोन-तीन उरले की बिग ब्लाइंडवाला काहीही घेऊन कॉल करतो, मग धाक कसला? मी स्वतः ‘चांगल्या पत्त्यांची’ वाट बघत कितीदा तिथे पोचलोय, विचारू नका.

अपवाद एकच: टेबलावर कुणी एका ब्लाइंडवर तगून असेल आणि पुढच्या डावाला ब्लाइंड त्याच्यावर येत असेल, तर एक्का-गुलामही गुपचूप टाकून द्या.