मदत हवी आहे: आजोबांच्या निधनानंतर मुलगी घरच्या प्रार्थनेत गप्प राहते

सर्वांना सप्रेम सलाम.

आम्ही पुण्यात राहणारे मराठी ख्रिस्ती कुटुंब आहोत. घरात सासूबाई, आम्ही दोघे, ९ वर्षांची मुलगी आणि ५ वर्षांचा मुलगा. रात्रीच्या जेवणानंतर एकत्र बसून एक गीत म्हणायचे, बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा, प्रत्येकाने आपल्या शब्दांत लहानशी प्रार्थना करायची आणि शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणायची, हा रिवाज सासूबाईंनी नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या माहेरून आणला. नारायण वामन टिळकांची भजने त्यांना तोंडपाठ आहेत, आणि धाकट्याला त्यांची इतकी गोडी लागली आहे की टाळ कोणी धरायचे यावरून रोज कुरबुर होते.

अडचण मुलीची आहे. यंदाच्या पावसाळ्यात माझे वडील आजारी होते आणि ती रोज त्यांचे नाव घेऊन प्रार्थना करत असे. ते गेले. तेव्हापासून ती गाते, पाळी आली की वाचतेही, पण स्वतः प्रार्थना करायची वेळ आली की धाकट्याकडे बोट दाखवते. एका रात्री झोपताना तिने सरळ विचारले, "देवाने ऐकलं होतं तर आजोबा बरे का झाले नाहीत? आणि ऐकलंच नव्हतं, तर रोज कशाला सांगायचं?" मी तिला जवळ घेतले आणि मलाही त्यांची फार आठवण येते, एवढेच म्हणाले.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काहींनी सुचवले की, देवाला ते प्रिय होते म्हणून त्याने त्यांना नेले, असे तिला सांगावे. मला ते पटत नाही, कारण मग देव उद्या आणखी कोणाला नेईल ही धास्ती मुलीच्या मनात बसेल. विश्वास कमी पडला, असे तर कोणत्याही मुलाला कधीच सांगू नये; आजोबांच्या मृत्यूचा दोष ते आयुष्यभर स्वतःकडे घेईल.

पवित्र शास्त्र (बायबल) या प्रश्नाला घाबरत नाही, हा मला मोठा आधार वाटतो. १३ वे स्तोत्र 'किती काळ' असे देवालाच विचारत सुरू होते, ८८ वे तर अंधारातच संपते. वधस्तंभावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः दुःखाचा प्याला दूर करण्याची विनंती केली आणि तो दूर झाला नाही. मरण पावलेल्या लाजराला पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीकडे जाताना रडला. हे भाग मुलीबरोबर वाचावेत असे मला वाटते. यजमानांचे म्हणणे असे की मार्काचे शुभवर्तमान आम्ही क्रमाने वाचतच आहोत, १४ व्या अध्यायात गेथशेमाने आपोआप येईल, तोवर तिच्यापुढे मुद्दाम काही ठेवू नये. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण तिचा प्रश्न आजचा आहे.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात मुलांशी देवाच्या वचनांविषयी घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना बोलावे असे सांगितले आहे, आणि ते किती खरे आहे हे सध्या रोज दिसते. प्रार्थनेला गप्प बसणारी ही मुलगी शाळेत जाताना स्कूटरवर मागे बसून, माझ्या पाठीला डोके टेकून, आजोबा आता आपल्याला पाहू शकतात का, त्यांचा दमा तिथे गेला असेल का, असे एकामागून एक विचारत असते. समोरासमोर बसून यातले एकही वाक्य तिच्या तोंडून निघत नाही.

म्हणून विचारते: प्रार्थनेची पाळी तिच्यावर येऊ द्यावी, की ती आपणहून बोलेपर्यंत तिला मोकळे सोडावे? सासूबाईंना वाटते की एकदा सवय मोडली की पुन्हा लागत नाही, आणि आता धाकटाही ताईचे पाहून "आज मी नाही" म्हणू लागला आहे. विलापाची स्तोत्रे या वयाच्या मुलांबरोबर कोणी वाचली आहेत का, आणि वाचून झाल्यावर तुम्ही काय बोललात? ज्यांनी स्वतः लहानपणी अशाच कारणाने प्रार्थना करणे थांबवले होते त्यांनी, घरातल्या मोठ्यांच्या कोणत्या वागण्याने आधार वाटला आणि कोणत्या वागण्याने मन आणखी मिटले, हे कृपया सविस्तर लिहावे. शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) शिकवणाऱ्यांचा अनुभवही मला हवा आहे.