टेप आउटमधून सब नको

जुन्या ट्यूब अँपला (व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर) सब, म्हणजे खोल बाससाठीचा सबवूफर, कसा जोडायचा यावर कुणीतरी सुचवलंय की प्रीआउट (व्हॉल्यूमनंतरचा सिग्नल बाहेर देणारं सॉकेट) नाही तर टेप आउटमधून (रेकॉर्डिंगसाठीचं सॉकेट) सबला वायर काढा. नका करू हो. माझ्याकडे डायनाको एससीए-३५ आहे, १७.५ वॅटवाला, त्यात टेप आउट व्हॉल्यूमच्या आधी निघतो, म्हणजे गाणं हळू केलं तरी सब आपला धुमधुम चालूच, सारखं उठून सबची नॉब फिरवत बसा. त्यापेक्षा हाय लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरचा सिग्नल घेणारं) असलेला पॉवर्ड, म्हणजे स्वतःचा अँप असलेला सब घ्या, सेकंडहँड चालेल, आणि अँपच्या स्पीकरच्याच टर्मिनलवरून वायर काढा, डावा प्लस, उजवा प्लस आणि एक कॉमन (मायनस). सब जवळपास काहीच करंट ओढत नाही त्यामुळे अँपच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर लोड येत नाही आणि ट्यूबचा गोडवा सबमध्येही उतरतो. पॅसिव्ह (स्वतःचा अँप नसलेला) सब मात्र त्यावर लटकवू नका, आधीच वॅट मोजके. क्रॉसओव्हर (ज्या फ्रिक्वेन्सीखालचा आवाज सब वाजवतो ती) मी ५० हर्ट्झच्या आसपास ठेवलाय.

जोडताना अँप बंद, प्लग काढलेला. आणि स्पीकर काढून ट्यूब अँप चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. मला पहिल्या दिवशी हम (सततची घुंई) आला होता, अँप आणि सब दोघांचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावले तर गेला. अर्थिंगची पिन तोडायचा शहाणपणा करू नका.