प्रोजेक्टरवर अनुस्वार गायब होतायत, रेझोल्युशन किती ठेवायचं?

तालुक्याचा_माणूस:
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाची दरवर्षी व्याख्यानमाला असते, यंदा लॅपटॉप-प्रोजेक्टरचं काम माझ्या गळ्यात पडलंय. प्रोजेक्टर जुना, कुणीतरी देणगी दिलेला, स्टिकरवर १०२४×७६८ (आडवे × उभे ठिपके) लिहिलंय. लॅपटॉप फुल एचडी, म्हणजे १९२०×१०८०. प्रोजेक्टरला फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीची जोडणी) म्हणून एचडीएमआय टू व्हीजीए वाला छोटा कन्व्हर्टर आणला, चित्र येतं पण अक्षरं पुसट, शिवाय वर-खाली काळे पट्टे. काल ट्रायल घेतली तर स्लाइडवर "चिंता कशाची?" होतं ते मागच्यांनी "चिता कशाची?" वाचलं, आणि विषय ज्येष्ठांचं आरोग्य! फोकस फिरवून बोटं दुखली. सेटिंगमध्ये १९२०×१०८० समोर रेकमेंडेड येतंय म्हणून तेच ठेवलंय, चुकलं का? कमिटीतले म्हणतात नवीनच घेऊ, ऑनलाइन एक "फोरके सपोर्टेड" (फोरके म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके) स्वस्तात दिसतोय. हॉल ३० फूट खोल, पडदा ८ फूट रुंद.

जुनी_केबल:
फोकसचा काही संबंध नाही दादा. ते रेकमेंडेड बऱ्याचदा कन्व्हर्टरच लॅपटॉपला सांगतो, की मला १०८० चालतं, पण प्रोजेक्टरच्या आत आडवे ठिपके १०२४च आहेत ना. मग तो १९२० ठिपके १०२४ मध्ये कोंबतो, म्हणजे साधारण दोनाचा एक. इंग्रजी अक्षर त्यातूनही ओळखू येतं, आपला अनुस्वार मुळात दोन-तीन ठिपक्यांचा, तो विरघळतो. रफार आणि उकारांचीही तीच गत.
आता हे करा. विंडोजचं बटण आणि पी दाबून एक्स्टेंड निवडा, डुप्लिकेट नको, कारण डुप्लिकेटमध्ये दोन्ही स्क्रीन एकाच रेझोल्युशनवर येतात आणि एकाचं भलं तर दुसऱ्याचं वाटोळं. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये दुसऱ्या स्क्रीनवर क्लिक करून १०२४×७६८ ठेवा. यादीत नसेल तर अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमधून अ‍ॅडॅप्टर प्रॉपर्टीज उघडा, तिथं लिस्ट ऑल मोड्समध्ये बहुतेक सापडेल. झालं की प्रोजेक्टरच्या रिमोटवरचं ऑटो बटण एकदा दाबा, व्हीजीएला ते लागतंच. आणि कीस्टोन (तिरकं चित्र चौकोनी करणारी सेटिंग) शून्यावर, प्रोजेक्टर तिरका असेल तर खाली पुस्तकं घालून सरळ करा (वाचनालयात तुटवडा नसावा), कारण कीस्टोन म्हणजे चित्र परत एकदा चेपणं, केलेली मेहनत तिथंच जाते.
काळे पट्टे येतात कारण स्लाइड १६:९ ची (रुंदी १६ तर उंची ९) आहे आणि प्रोजेक्टर ४:३ चा. ती १०२४ रुंदीत बसवली की उंचीला ५७६ ठिपकेच वापरले जातात, ७६८ पैकी १९२ फुकट, म्हणजे पाव प्रोजेक्टर बंदच. पॉवरपॉइंटमध्ये डिझाइन, स्लाइड साइज, ४:३ करा. १८ पॉइंटचं अक्षर १९ ठिपक्यांत बसायचं ते २५-२६ ठिपक्यांत येईल. तरी १८ ठेवू नका, ३२ च्या खाली मराठी मजकूर नकोच.

रिमोट_कुठंय:
एवढा खटाटोप कशाला, ५५ इंची फोरके टीव्ही लावा, दिवे चालू ठेवूनही दिसतं. फक्त लॅपटॉप जोडल्यावर कडा कापल्या जातात, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हिशेबाच्या तक्त्याचा शेवटचा कॉलम, म्हणजे नेमका बेरजेचाच, गायब होता आणि त्यावरून भांडणं झाली. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असं काहीतरी असतं ते ऑन करायचं.

मोजपट्टी:
५५ इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, रुंदी जेमतेम ४ फूट. ३० फुटांवरच्या माणसाला फोरके असो की आठके, अक्षर निम्मंच दिसणार. घरच्या हॉलला ठीक, व्याख्यानाला नाही.
फोरकेचं गणित सांगतो. चांगली नजर असलेल्याला साधारण एक मिनिट कोनाएवढा तपशील वेगळा कळतो, एका अंशाचा साठावा भाग. ८ फुटी पडद्यावर १०२४ वाल्याचा एक ठिपका सुमारे २.४ मिमीचा, तो २७ फुटांपलीकडे डोळ्याला सुटा दिसत नाही. फुल एचडीचा १.३ मिमी, तो १४ फुटांपलीकडे मिसळतो. म्हणजे फोरकेचा फायदा फक्त पुढच्या दोन-तीन रांगांना, शेवटच्या रांगेला तुमचा म्हातारा प्रोजेक्टरही पुरतोय, नीट चालवला तर. नवीन घ्यायचाच तर फुल एचडी बास, उरलेले पैसे उजेडावर घाला, एएनएसआय ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं प्रमाणित माप) बघून.
आणि ते "सपोर्टेड" म्हणजे सिग्नल आत घेतो एवढंच. डब्यावर नेटिव्ह रेझोल्युशन, म्हणजे आतल्या पॅनलचे खरे ठिपके, शोधा. मी एकदा "१०८०पी सपोर्टेड" घेऊन बसलो होतो, आतलं पॅनल निघालं ८००×४८०. दुकानदार म्हणाला, "चालतंय ना?" चालत होतं, बरोबरच आहे त्याचं.

तालुक्याचा_माणूस:
केलं! १०२४ यादीत नव्हतंच, लिस्ट ऑल मोड्समध्ये मिळालं. ४:३ केल्यावर फोटो ताणले गेले ते परत लावत बसलो, पण अनुस्वार शेवटच्या खुर्चीवरून दिसला. प्रोजेक्टरखाली विश्वकोशाचा एक खंड गेलाय. आता अडचण अशी की एक्स्टेंडमुळे वक्त्याच्या समोर नोट्स आणि पडद्यावर स्लाइड असं वेगवेगळं येतंय, आमचे वक्ते गोंधळणार.

जुनी_केबल:
स्लाइड शो टॅबमध्ये यूज प्रेझेंटर व्ह्यू ची टिक काढा. आणि वक्ते स्वतःचा लॅपटॉप घेऊन आले तर ही सगळी सेटिंगं पहिल्यापासून, तेव्हा फाइल पेनड्राइव्हवर आदल्या दिवशीच मागून घ्या, सोबत फॉन्टही मागा.