विषय: कोजागिरीचं माहितीपत्रक, पान 2, ते राइट-इनचं वाक्य

मेधा, रविवार 9 ऑक्टोबर 2016, सकाळी 8:10

मंडळी, माहितीपत्रक गुरुवारी छापायला जाणार, 150 प्रती. पान 1 (नोंदणी, ओळखपत्र, अर्ली व्होटिंग) पक्कं आहे. अडलंय ते पान 2 वर, खालून तिसऱ्या ओळीत: "दोन्ही उमेदवार पसंत नसतील तर मतदार कोणाचंही नाव लिहू शकतो." शुक्रवारी ट्रम्पच्या बायकांबद्दलच्या अश्लील बोलण्याची ती टेप आली, काल आपले ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर पोर्टमन (यंदा तेही निवडणुकीला उभे आहेत) यांनी ट्रम्पचा पाठिंबा काढून घेतला आणि आपण ट्रम्पचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे जोडीदार माइक पेन्स यांचं नाव लिहिणार असं सांगितलं. तेव्हापासून चार जणांनी मला विचारलं, पेन्स लिहिलं तर चालतं का? वाक्य ठेवायचं की काढायचं, बुधवारपर्यंत सांगा. कॅफेटेरियाच्या चावीबद्दल वेगळी मेल टाकते, ती इथे नको.

सुहास, रविवार, सकाळी 9:02

मेधाताई, ते वाक्य चूक आहे. तसंच छापलं तर लोकांची मतं वाया जातील.

ओहायोत राइट-इन (बॅलटवर छापलेलं नसलेलं नाव हाताने लिहून दिलेलं मत) मोजलं जातं ते फक्त आधी अर्ज भरलेल्या उमेदवाराचं. निवडणुकीच्या 72 दिवस आधी, दुपारी 4 च्या आत अर्ज द्यावा लागतो. राष्ट्राध्यक्षपदासाठी असेल तर सोबत आपले इलेक्टर्सही (जिंकल्यास राज्याच्या वतीने राष्ट्राध्यक्षासाठी मत देणारे प्रतिनिधी) द्यावे लागतात, आपल्या राज्याचे 18. ही मुदत ऑगस्टअखेर संपली. अपक्ष उमेदवार इव्हन मॅकमलिननी अर्ज भरलाय, त्यांचं नाव लिहिलं तर मोजलं जाईल. पेन्स उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून ट्रम्पच्या जोडीनेच छापलेले आहेत. राइट-इन म्हणून त्यांचा अर्ज नाही. त्यांचं नाव लिहिलं की राष्ट्राध्यक्षपदाच्या रकान्यात ते मत कोणाच्याच खात्यात जात नाही. बाकीच्या पदांची मतं मात्र शाबूत राहतात.

आणखी दोन गोष्टी. टपालाने बॅलट मागवलं की ते कागदी असतं. राइट-इनच्या ओळीसमोरचा गोल भरा, नुसतं नाव लिहून सोडू नका. मशीन गोल बघतं, अक्षरं नाही. आणि छापील नावासमोरचा गोल भरून खाली दुसरं नाव लिहिलं तर ते दोन मतं दिल्यासारखं होतं आणि त्या पदाचं मत बाद होतं. अर्ज भरलेल्यांची यादी मतदान केंद्रावर मागितली की दाखवतात. यादीचं हे वाक्य पत्रकात हवंच.

नाना, रविवार, सकाळी 10:40

अरे सुहास, नियम तुझे बरोबर. पण पोर्टमन या राज्याचे सिनेटर आहेत, त्यांना हा नियम माहीत नसेल असं होत नाही. ते मत मोजायला सांगतच नाहीयेत. ते मतदाराला सांगताहेत की वरचा रकाना तुम्ही तुमच्या मनाप्रमाणे भरा, पण खालचा माझा रकाना सोडू नका. पक्ष दुभंगला की खालच्या उमेदवारांना हेच करावं लागतं.

आणि ओहायोचं बॅलट यासाठीच असं आहे. 1949 पर्यंत इथे एका खुणेत सगळ्या पक्षाला मत देता यायचं. त्या वर्षी राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि बॅलट पदानुसार लागलं, प्रत्येक पदाला वेगळी खूण. त्यामागे रॉबर्ट टाफ्ट होते. 1950 ला त्यांची सिनेटची निवडणूक होती आणि वरच्या बाजूला गव्हर्नर लॉश, डेमोक्रॅट आणि तुफान लोकप्रिय. एका खुणेत मत गेलं असतं तर लॉशच्या मतांबरोबर टाफ्ट वाहून गेले असते. लॉशही निवडून आले, टाफ्टही आले, चार लाखांहून जास्त मतांनी. हे पत्रकात यायला हवं. वरचं नाव आवडो न आवडो, खालची प्रत्येक खूण स्वतंत्र आहे.

पुढे दुसरं वाक्य घाला: वरचा रकाना रिकामा सोडला तरी बॅलट बाद होत नाही. लोकांना हेच ठाऊक नसतं.

अविनाश, रविवार, दुपारी 12:15

> पक्ष दुभंगला की खालच्या उमेदवारांना हेच करावं लागतं

नाना, दुभंग काल झालेला नाही. तो जुलैत क्लीव्हलंडला, उमेदवार जाहीर करणाऱ्या रिपब्लिकन अधिवेशनात दिसला होता आणि तिथेच मिटवायची संधी होती. 112 जणांच्या रूल्स कमिटीत डेलिगेटना (राज्याराज्यांतून आलेल्या पक्षाच्या प्रतिनिधींना) विवेकानुसार मत देऊ द्यावं असा प्रस्ताव होता. तो सभागृहापुढे न्यायला कमिटीतल्या एक चतुर्थांश, म्हणजे 28 सभासदांची सही पुरेशी होती. तेवढ्याही मिळाल्या नाहीत. मग 18 तारखेला सभागृहात राज्यवार मोजणीची मागणी झाली. त्याला 7 राज्यांच्या बहुसंख्य डेलिगेटच्या सह्या लागतात. 9 राज्यांचे कागद आले, 3 राज्यांतून सह्या मागे घेतल्या गेल्या, उरली 6. आवाजी मतदानावर नियम मंजूर झाले आणि कोलोरॅडोचे लोक सभागृह सोडून गेले. उमेदवारीच्या शर्यतीत ट्रम्पकडून हरलेले टेड क्रूझ दोन दिवसांनी "विवेकाला स्मरून मत द्या" म्हणाले तेव्हा खालून हुर्यो झाली. ट्रम्पना डेलिगेटची 1,237 मतं लागत होती आणि 1,725 मिळाली. क्रूझनी सप्टेंबरअखेर स्वतःच पाठिंबा दिला. हे सगळं झाल्यावर निवडणुकीच्या महिनाभर आधी पेन्सचं नाव काढणं म्हणजे मतदाराला कोंडीत पकडणं आहे.

नाना, रविवार, दुपारी 1:05

अविनाश, एवढं सगळं झालं तरी आपले गव्हर्नर केसिक यजमान राज्याचे असूनही त्या सभागृहात पाऊल टाकलं नाही त्यांनी. ओहायोत मार्चच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) ते ट्रम्पविरुद्ध जिंकले होते, 66 चे 66 डेलिगेट. त्या मतदारांचं काय करायचं, हा माझा प्रश्न आहे. तो तू टाळलास.

प्रज्ञा, रविवार, दुपारी 2:30

माझा साधा प्रश्न. मार्चमध्ये केसिकसाठी रिपब्लिकन बॅलट घेतलेल्या बऱ्याच जणांना वाटतंय की आता ते "रिपब्लिकन" म्हणून नोंदलेले आहेत आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना वेगळं बॅलट येईल. खरं आहे का?

सुहास, रविवार, दुपारी 2:52

नाही. ओहायोत पक्षाची नोंद म्हणजे प्रायमरीत कोणतं बॅलट मागितलंत एवढंच. नोव्हेंबरमध्ये सगळ्यांना एकच बॅलट. मार्चमध्ये काय घेतलं याचं बंधन नाही, विचारतही नाहीत. पुढच्या प्रायमरीत दुसरं बॅलट मागितलंत की नोंद बदलते.

नाना, रिकाम्या रकान्याचं वाक्य घेतो. टाफ्टचा इतिहास पान 2 वर मावणार नाही.

शैलाकाकू, रविवार, संध्याकाळी 6:20

विवेकाला स्मरून मत द्या हे ऐकलं की 1969 ची आपली राष्ट्रपतिपदाची निवडणूक आठवणारच. काँग्रेसच्या बोर्डाने बंगळुरूला नीलम संजीव रेड्डींचं नाव ठरवलं, यशवंतराव चव्हाण त्या बाजूने होते. इंदिराबाईंनी अधिकृत उमेदवार सोडून अंतरात्म्याच्या आवाजाची हाक दिली आणि गिरी अपक्ष निवडून आले. तिसरे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख होते. पण सुहासच्या मुद्द्याशी याचा संबंध आहे तो असा. तिथे गुप्त मतदान, व्हिप नाही, आणि मतपत्रिकेवर 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे लिहायचे. पहिल्या फेरीत गिरी 4,01,515, रेड्डी 3,13,548, देशमुख 1,12,769. कोणीच निम्म्याच्या पुढे नव्हतं. मग देशमुखांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली आणि गिरी 4,20,077 वर गेले, रेड्डी 4,05,427 वर राहिले. म्हणजे देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्याचं मत वाया गेलं नाही, ते पुढे सरकलं. ओहायोत दुसरी पसंती नाही. मॅकमलिनना दिलेलं मत मॅकमलिनपाशीच थांबतं. हा फरक पत्रकात एका ओळीत लिहा, आपल्या लोकांना इथली पद्धत तशीच वाटते.

अविनाश, रविवार, रात्री 8:05

काकू, रेड्डींकडे तर जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाची दुसरी पसंती वळणार होती, तरी ते हरले, कारण काँग्रेसमधलीच मतं फुटली. आणि पक्ष ओलांडून मत द्यायला 2007 च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतही कोणी अडवलं नाही. शिवसेना एनडीएत असूनही प्रतिभाताईंच्या मागे उभी राहिली. पण तिथे मतदार आमदार-खासदार. इथे साधा माणूस रांगेत उभा राहून ठरवतो.

सेक्रेटरी, सोमवार 10 ऑक्टोबर, सकाळी 7:45

दोन गोष्टी स्पष्ट करते. मंडळ 501(सी)(3), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहे. 1954 पासून कायदा असा आहे की अशी संस्था कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करू शकत नाही. मतदान कसं करायचं ही माहिती देता येते, सगळ्यांना सारखी. त्यामुळे पत्रकात पोर्टमन, केसिक, ट्रम्प, क्लिंटन यांपैकी कोणाचंही विधान येणार नाही. "पेन्स लिहिलं तर" असंही उदाहरण नको. नियम लिहा, नाव नको. मॅकमलिनचंही नको, यादी कुठे मिळते ते लिहा.

दुसरं, ट्रम्प जिथे बोलणार आहेत त्या 15 तारखेच्या एडिसनच्या कार्यक्रमाचा फ्लायर काल या लिस्टवर आला, तो काढला आहे. ज्यांना न्यू जर्सीला जायचं त्यांनी खुशाल जावं, मंडळाच्या लिस्टवरून बोलावणं नको. कोजागिरी त्याच दिवशी आहे. पत्रकाचा अंतिम मजकूर कमिटी ठरवेल, लिस्ट सूचना देऊ शकते.

नाना, सोमवार, सकाळी 9:30

नाव नको हे मान्य. पण खालच्या रकान्यांचं महत्त्व सांगणं हा प्रचार नाही. 1964 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांना पक्षाच्या बऱ्याच नेत्यांनी मनापासून स्वीकारलं नव्हतं, सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात त्यांचे पक्षांतर्गत विरोधक रॉकफेलर यांना बोलू देत नव्हते. नोव्हेंबरमध्ये गोल्डवॉटर 6 राज्यांत जिंकले. मिशिगनमध्ये जॉर्ज रॉमनींनी त्यांना पाठिंबा दिला नाही आणि गव्हर्नर म्हणून पुन्हा निवडून आले. इथे ओहायोत त्या टाफ्टांचे चिरंजीव रॉबर्ट टाफ्ट ज्युनियर मात्र सिनेटची निवडणूक अगदी थोडक्यात हरले, पदानुसार बॅलट असूनही. वरच्या नावाची लाट मोठी असली की वेगळी खूणही पुरी पडत नाही. म्हणून मतदाराला सांगायचं की शेवटच्या पदापर्यंत खाली जा.

अविनाश, सोमवार, सकाळी 10:12

रॉमनी सांगितलेत, कीटिंग सांगा. न्यूयॉर्कचे रिपब्लिकन सिनेटर, गोल्डवॉटरना पाठिंबा नाही दिला, तरी रॉबर्ट केनेडींकडून हरले. तेव्हा वरच्या नावापासून लांब राहिलं की वाचतो हा नियम नव्हे. 1972 जास्त बोलकं आहे. डेमोक्रॅट उमेदवार मॅकगव्हर्नमुळे एएफएल-सीआयओ या कामगार संघटनांच्या महासंघाने कोणालाच पाठिंबा दिला नाही, टेक्सासचे डेमोक्रॅट नेते कॉनली यांनी रिपब्लिकन निक्सनसाठी डेमोक्रॅट जमवले आणि निक्सन 49 राज्यं घेऊन गेले. त्याच दिवशी सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या 2 जागा वाढल्या. लोकांनी वरचं नाव टाकलं, पक्ष नाही टाकला.

सुहास, सोमवार, दुपारी 4:40

मेधाताई, कमिटीसाठी सुधारित मजकूर. दोन परिच्छेदांत बसतो, मोजून पाहिलंय.

"राष्ट्राध्यक्षपदासाठी राइट-इन करायचं असेल तर ज्यांनी राज्याकडे आधी अर्ज भरला आहे त्यांचंच नाव मोजलं जातं. यादी काउंटीच्या बोर्ड ऑफ इलेक्शन्सकडे किंवा मतदान केंद्रावर मागा. यादीबाहेरचं नाव लिहिल्यास त्या पदाचं मत मोजलं जात नाही, इतर पदांची मतं मोजली जातात. कागदी बॅलटवर राइट-इनचा गोल भरून मग नाव लिहा. छापील नावासमोर खूण करून खाली दुसरं नाव लिहू नका. इथे दुसरी पसंती नसते.

एखाद्या पदाचा रकाना रिकामा ठेवल्यास बॅलट बाद होत नाही. प्रत्येक पदासाठी वेगळी खूण करावी लागते, एका खुणेत सगळ्या पक्षाला मत देता येत नाही. बॅलट मागच्या पानावरही असू शकतं, उलटून पाहा. मत टाकल्यावर बदलता येत नाही."

फ्रँकलिन काउंटीत निवडणुकीच्या दिवशी टचस्क्रीन असतात. तिथे राइट-इनवर बोट ठेवलं की अक्षरांचा कीबोर्ड येतो, आणि शेवटी बाजूच्या कागदी पट्टीवर छापलेलं नाव काचेतून वाचून मगच मत टाकायचं. क्लीव्हलंडकडच्या नातेवाइकांना पत्रक पाठवणार असाल तर तिथे कागद आहे. टपालाचा अर्ज शनिवार 5 नोव्हेंबर दुपारी 12 पर्यंत, बॅलटवर 7 तारखेपर्यंतचा शिक्का. नोंदणीचा शेवटचा दिवस उद्याचा, दसऱ्याचा, आणि परवा अर्ली व्होटिंग सुरू. टपालाच्या तारखा आणि अर्ली व्होटिंग पान 1 वर ठळक करा. गुरुवारी छापून नोंदणीचा मात्र उपयोग नाही. नोंदणीची ओळ काढून आजच लिस्टवर वेगळी मेल टाका.

मेधा, सोमवार, रात्री 9:15

नोंदणीची मेल टाकली. मजकूर कमिटीने जसाच्या तसा घेतला. "मागच्या पानावरही" ही ओळ ठळक करतेय.

प्रज्ञा, मंगळवार 1 नोव्हेंबर, सकाळी 8:00

केसिकनी टपालाच्या बॅलटवर रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांचं नाव लिहिलं अशी बातमी आहे. मोजलं जाणार का?

सुहास, मंगळवार, सकाळी 8:25

नाही. मॅकेन यादीत नाहीत.

नाना, मंगळवार, सकाळी 8:50

त्यांना ते माहीत आहे, सुहास. खालच्या पदांवर त्यांनी आपल्या पक्षाला मत दिलंच असणार.

अविनाश, रविवार 11 डिसेंबर, दुपारी 3:30

नाना, ओहायोचे आकडे. ट्रम्प सुमारे 28 लाख 41 हजार, पोर्टमन सुमारे 31 लाख 18 हजार. ट्रम्पना न दिलेली पावणेतीन लाखांहून जास्त मतं पोर्टमनना मिळाली. तुमचं म्हणणं खरं ठरलं, पण अर्धंच. क्लिंटन सुमारे 23 लाख 94 हजार आणि पोर्टमनचे डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी स्ट्रिकलंड सुमारे 19 लाख 97 हजार. तिकडचा फरक त्याहून मोठा, जवळजवळ 4 लाख. म्हणजे वर क्लिंटन आणि खाली पोर्टमन अशी खूण करणारे भरपूर होते. रकाना रिकामा सोडणारे आणि पेन्स लिहिणारे एवढ्यानेच हा फरक पडत नाही. देशभरात रिपब्लिकन मतदारांपैकी एक्झिट पोलप्रमाणे 10 पैकी जवळपास 9 शेवटी ट्रम्पकडेच गेले.

नाना, रविवार, संध्याकाळी 5:10

मान्य. वेगळ्या खुणेचा उपयोग दोन्ही बाजूंच्या लोकांनी केला हे मी धरलं नव्हतं. मेधा, उरलेल्या 30 प्रती टाकू नकोस. 2018 ला गव्हर्नरची निवडणूक आहे, तारखा बदलून पान 2 पुन्हा वापरता येईल.