बाबांच्या पॉलिसी, बाबांच्या सह्या

नमस्कार मंडळी,

साताऱ्याहून दादाचा फोन आला होता. बाबांना डिमेन्शिया असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. बोलण्यावरून अजून कुणाला शंका येणार नाही, पण सही करताना आडनावापाशी थबकतात आणि विचारतात, "पुढं काय?" कंदी पेढ्यांच्या जुन्या खोक्यात पावत्या सापडल्या: एलआयसीच्या दोन, मेडिक्लेमची एक. मेडिक्लेमचा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. आजार कळला तर कंपनी पॉलिसीच बंद करेल, तेव्हा गप्प बसू, असं दादाचं मत. मी इथल्या कॉन्सुलेटमधून पॉवर ऑफ ॲटर्नी करून पाठवू का?

– सदरबझारचा, सध्या टोरांटोत

---

भाऊ,

मुखत्यारपत्र, म्हणजे तुमची पॉवर ऑफ ॲटर्नी, तुम्ही द्यायचं नाही, बाबांनी द्यायचं आहे. म्हणजे ते साताऱ्यातच होणार, कॉन्सुलेटचा संबंध नाही. आणि त्याने सगळं सुटेल असंही समजू नका. तुमच्या ओंटारिओत 'कंटिन्युइंग' मुखत्यारपत्र माणसाचं भान गेल्यावरही चालतं. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारी संपली. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालय गाठावं लागतं. साताऱ्यासाठी आता त्याच न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, ऑगस्ट २०२५ पासून. मुंबईची खेप वाचते एवढंच. वकील आणि तारखा काही चुकत नाहीत.

म्हणून सह्यांची कामं आत्ता उरका. सकाळी बाबा ताजे असतात ना? तेव्हाच बसवा, आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला घ्या की काय करतोय ते त्यांना समजतंय. भानावर असताना केलेला करार कायदा मानतो. आईंचं नाव बँक खात्यात नसेल तर आधी ते घाला, मग हप्ते त्याच खात्यातून आपोआप जातील असं करा. मुखत्यारपत्र नोटरीचं चालेल की नोंदणी हवी, हे बँकेलाच विचारा. त्यांचा मसुदा वेगळाच निघतो. कंपनीकडे बाबांचा मोबाइल नंबर असेल तर दादांचा द्या. हप्त्याचा मेसेज ज्याला येतो त्यालाच आठवत नाही, असं व्हायला नको.

दादांची भीती मात्र फुकाची आहे. पॉलिसी घेतल्यानंतर आजार झाला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. पॉलिसीला सलग ६० महिने झाले असतील तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय अर्जातली जुनी माहितीही उकरता येत नाही. घात होतो तो हप्ता चुकल्याने. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. तीही गेली की नवीन अर्ज, आणि त्यात आजार लिहावाच लागणार. स्वस्त पडतं म्हणून आत्ता कंपनी बदलू नका.

– कराडच्या काकू

---

काकूंच्या पत्राला जोड: मेडिक्लेम पैसे देते ते मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावर. घरी ठेवलेला माणूस, डायपर, रोजच्या गोळ्या हा खर्च पॉलिसीत सहसा बसत नाही, आणि या आजारात तोच मोठा. बाबा सत्तरीपुढे असतील तर आयुष्मान वय वंदना कार्डही काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण तेही दाखल होण्यासाठीच.

– वाईकर

---

काकू, वाईकर, आभार. दादाला सगळं वाचून दाखवलं. तो उद्याच बँकेत जातोय. पावत्या नीट पाहिल्या तर एलआयसीच्या एका पॉलिसीवर वारस म्हणून अजून आजीचंच नाव आहे. आजी जाऊन जमाना झाला. तो फॉर्मही सोबतच भरून घेतो.

– सदरबझारचा